व्हिडिओ कॉलवर बघून लकव्याच्या पेशंटला ट्रायलमध्ये घेणं बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की चंद्रपूरला काकांना लकवा आला, तिथल्या डॉक्टरांनी नागपूरच्या न्यूरोवाल्यांना व्हिडिओ लावला, त्यांनी मोबाईलवरूनच काकांना हात उचलायला लावला, आणि वीस मिनिटांत म्हणाले की एक स्टडी (ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची पेशंटवर चाचणी) सुरू आहे, त्यात काकांना घ्यायचं का. तुम्ही घाबरून नाही म्हणालात आणि आता मनाला खात आहे की चुकलं का.

आधी हे सांगते, नाही म्हणून तुम्ही काकांचं काहीच नुकसान केलं नाही. ट्रायलला नकार दिला तरी नेहमीची ट्रीटमेंट मिळतेच, तो पेशंटचा हक्क आहे. मी नागपुरात नऊ वर्षांपासून न्यूरोच्या ट्रायल्समध्ये कोऑर्डिनेटरचं काम करते, रात्री दोनला उठून असे कॉल जोडून दिलेत, त्यामुळे थोडं आतलं सांगू शकते.

व्हिडिओवर लकवा नीट कळतो का? कळतो. एनआयएचएसएस म्हणून एक तपासणी असते, ० ते ४२ मार्क, हात-पाय किती वेळ वर राहतात, तोंड वाकडं आहे का, बोलणं समजतं का, हे सगळं कॅमेऱ्यासमोर होतं, फक्त टोचून बघायला वगैरे तिथे कोणीतरी हाताशी लागतं. कॅलिफोर्नियात यावर एक ट्रायलच झाली, २००८ साली छापून आली, २२२ पेशंट, अर्ध्यांबद्दल सल्ला व्हिडिओवर आणि अर्ध्यांबद्दल नुसत्या फोनवर. व्हिडिओवाल्यांत निर्णय बरोबर निघाला ९८ टक्के वेळा, फोनवाल्यांत ८२.

हा फरक कशाने पडतो ते मी डोळ्याने पाहिलंय. एका तालुक्याच्या ठिकाणाहून कॉल होता, मुलगा सांगत होता की बाबांना आठ वाजता झालं, आणि त्याच्या मागे सून उभी होती ती मान हलवत होती, नाही नाही. आमच्या डॉक्टरांना ते स्क्रीनवर दिसलं, म्हणाले ताई तुम्ही सांगा. ती म्हणाली पाच वाजता चहाचा कप हातातून पडला होता, तेव्हापासूनच बोलणं बोबडं होतं, पण कोणी लक्ष दिलं नाही. घड्याळात पावणेदहा वाजले होते. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, त्यानंतर मेंदूत रक्तस्रावाची भीती फायद्यापेक्षा मोठी होते. म्हणजे इंजेक्शनही गेलं आणि ट्रायलही गेली, पण चुकीच्या वेळेवर औषध गेलं नाही. नुसत्या फोनवर त्या बाईची मान कोणाला दिसली असती?

आता तुमचा खरा प्रश्न, इतक्या घाईत सही कशी मागतात. घाई खरी आहे, गुठळी अडकली की दर मिनिटाला मेंदूच्या अंदाजे १९ लाख पेशी मरतात, आणि गडचिरोली, चंद्रपूरहून गाडी नागपूरला पोचेपर्यंतच तीन-चार तास निघून जातात. लॉस एंजेलिसला याच्यासाठी वेगळंच केलं होतं, २००५ ते २०१२ मध्ये पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच डॉक्टर फोनवर त्याच्याशी किंवा घरच्यांशी बोलून परवानगी घ्यायचे, असे १७०० पेशंट घेतले आणि बहुतेकांना पहिल्या तासातच औषध मिळालं. औषध होतं मॅग्नेशियम, त्याचा फायदा निघाला नाही, पण एवढ्या लवकर पेशंट घेता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे हे झालं नाही तर ट्रायलमध्ये कायम नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या हॉस्पिटलांजवळ राहणारेच पेशंट येत राहतील आणि निघालेलं उत्तर गावच्या माणसाला लागू आहे का हे कधी कळणारच नाही. मला याची खरंच तळमळ आहे.

पण परवानगी मात्र नीटच घेतली पाहिजे. एकदा एका ठिकाणाहून (नाव घेत नाही) सहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, फक्त शेवटचं पान, बाकी घरच्यांना कोणी वाचूनच दाखवलं नव्हतं. आम्ही तो पेशंट घेतला नाही.

तुमच्या केसमध्ये मी एक गोष्ट विचारली असती, चंद्रपूरचं ते हॉस्पिटल स्वतः ट्रायलची साईट, म्हणजे ट्रायल चालवायला मंजूर केलेलं ठिकाण, आहे का? नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये प्रत्येक साईटला एथिक्स कमिटीची (पेशंटच्या हक्कांची आणि सुरक्षेची काळजी घेणारी समिती) मंजुरी लागते, आणि स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली चालते असं २०१९ च्या नियमांत आहे, म्हणजे नागपूरच्या कमिटीच्या मंजुरीवर चंद्रपूरला औषध देता येत नाही. बरेचदा होतं असं की व्हिडिओवर पेशंट फक्त ट्रायलच्या निकषांत बसतो का ते बघतात, तिथे नेहमीची ट्रीटमेंट सुरू करून गाडीत टाकतात आणि सही नागपूरला आल्यावर होते. तुम्हाला हे कोणी समजावलं नाही, तिथेच तुमची भीती वाढली असं मला वाटतं.

काकांना बोलता येत नसेल तर सही जवळच्या नातेवाइकाची, वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत एक असा साक्षीदार ज्याचा ट्रायलशी संबंध नाही. फॉर्म मराठीत हवा, एक कॉपी तुमच्या हातात हवी, ट्रायलमुळे काही झालं तर उपचार फुकट. मुलगा पुण्यात असेल तर त्यालाही त्याच कॉलमध्ये घ्या म्हणायचं, डॉक्टर नाही म्हणत नाहीत, मी स्वतः तीन-तीन जणांना जोडलंय. आणि सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नंबर मागायचा, २००९ पासून प्रत्येक ट्रायलची तिथे नोंदणी सक्तीची आहे, मोबाईलवर फुकट दिसते.

काका आता कसे आहेत ते कळवा, हाताला ताकद आली का? फिजिओ सुरू असेल तर पहिले तीन महिने एक दिवसही खाडा पडू देऊ नका.