वाचकांचे प्रश्न : झेवियर्स आधी शाळा की आधी कॉलेज?

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजाविषयी चार वाचकांनी वेगवेगळे प्रश्न पाठवले आहेत. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : मुलांना मॅट्रिकपर्यंत नेणाऱ्या एका कॅथलिक शाळेतून एवढे मोठे महाविद्यालय उभे राहिले ते कसे? म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न (वसईचे एक वाचक) : आमच्या वसईच्या किल्ल्यात जेझुइट कॉलेजाचे अवशेष आहेत. धोबी तलावचे झेवियर्स म्हणजे त्याच कॉलेजाचा पुढचा अवतार, असे आमच्याकडे काही जुनी माणसे सांगत. उलट झेवियर्सची शाळा आणि कॉलेज या दोन्ही संस्था १८६९ हे स्थापनेचे वर्ष सांगतात. यांत खरे काय, आणि आधी शाळा की आधी कॉलेज?

उत्तर : आपल्या किल्ल्यातील अवशेष जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या, कॉलेजाचेच आहेत, पण त्या कॉलेजाचा आणि धोबी तलावच्या कॉलेजाचा संस्था म्हणून काही संबंध नाही. दोन्ही एकाच संघाने चालवली, एवढेच नाते. वसईचे कॉलेज पोर्तुगीज अमदानीतले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. पुढे १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने आपल्या सर्व मुलखांतून जेझुइटांना हाकलले, त्यात गोवाही आला. आणि १७७३ मध्ये तर खुद्द पोपनेच हा संघ बरखास्त केला. तो पुन्हा उभा राहिला १८१४ मध्ये. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जे जेझुइट मुंबईत आले ते जर्मन भाषक देशांतून आलेले नवे लोक होते. जुन्या कॉलेजांचा वारसा त्यांच्यापाशी होता तो शिकवण्याच्या पद्धतीचा. इमारती, जमिनी किंवा कागदपत्रे यांपैकी काहीही त्यांच्या हाती आलेले नव्हते.

आणखी एक घोटाळा ‘कॉलेज’ या शब्दामुळे होतो. जुन्या कॅथलिक युरोपात कॉलेज म्हणजे पदवी देणारी संस्था असेच काही नव्हते. धर्मगुरूंचे निवासस्थान आणि त्याला जोडून मुलांची शाळा, तीत लॅटिनपासून तत्त्वज्ञानापर्यंतचे वर्ग, या सगळ्याला मिळून कॉलेज म्हणत. गोव्याचे सेंट पॉल कॉलेज, जेथे १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, ते याच अर्थाने कॉलेज होते; वसईचेही तसेच. आपण आज ज्याला कॉलेज म्हणतो, म्हणजे मॅट्रिकनंतरचे शिक्षण देणारी आणि विद्यापीठाला संलग्न असलेली संस्था, ती मुंबई इलाख्यात १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावरची गोष्ट आहे.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर याच मॅट्रिकमध्ये आहे. १८५४ च्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्याने दोन गोष्टींची शिफारस केली होती : कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे काढावीत, आणि खासगी शाळा-कॉलेजांना, ती मिशनऱ्यांची असली तरी, सरकारने अनुदान द्यावे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, आणि १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांच्यातलेच. मॅट्रिक ही त्या काळी शाळेची शेवटची परीक्षा म्हणून नव्हे, तर विद्यापीठात शिरण्याची परीक्षा म्हणून घेतली जात होती. साहजिकच जी शाळा आपल्या मुलांना मॅट्रिकपर्यंत नेई तिच्यापुढे दुसऱ्याच वर्षी प्रश्न उभा राही, की या मुलांनी आता कोठे जावे? एल्फिन्स्टन कॉलेज सरकारी होते. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून वाढलेले कॉलेज, आजचे विल्सन कॉलेज, स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनचे होते. कॅथलिक मुलांसाठी कॅथलिकांचे कॉलेज मुंबईत नव्हते.

जेझुइटांकडे तेव्हा दोन शाळा होत्या : माझगावची सेंट मेरीज आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाची शाळा. या दोन शाळांतून मॅट्रिक झालेल्या थोड्या मुलांचा एक वर्ग जानेवारी १८६९ मध्ये सुरू झाला. तो वर्ग म्हणजेच सेंट झेवियर्स कॉलेज. त्याच वर्षी त्याला विद्यापीठाची संलग्नता मिळाली. तेव्हा मुंबईच्या कॅथलिकांचे धर्माधिकारी होते बिशप लिओ मॉयरिन, बर्लिनचे जेझुइट. आणि कॉलेजाचे पहिले प्राचार्य होते फादर विली. म्हणून माझे उत्तर असे, की पाटीवरचे वर्ष दोन्ही संस्थांचे एक असले तरी वर्ग आधी शाळेचे होते, आणि कॉलेज हा त्या शाळांचा वर चढवलेला मजला होता. काही वर्षे शिक्षक, इमारत आणि खर्च यांत शाळा व कॉलेज अशी वेगळी वाटणी करता आली असती असे मला वाटत नाही. एकाच जेझुइट समुदायाने दोन्ही सांभाळली. आजही शाळा लोकमान्य टिळक मार्गाकडे आणि कॉलेज महापालिका मार्गाकडे तोंड करून, एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. ज्या वाचकांना हा इतिहास पायांनी चालून पाहायचा असेल त्यांनी मेट्रो चौकाकडून निघून या दोन्ही इमारतींना वळसा घालावा.

प्रश्न (पुण्याच्या एक वाचिका) : कॉलेज जर्मन धर्मगुरूंचे होते, तर पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने ते बंद कसे केले नाही?

उत्तर : बंद केले नाही, पण शिकवणारी माणसे काढून नेली, आणि शिक्षणसंस्थेवर याहून मोठा घाव दुसरा नाही. या प्रश्नाकडे जरा मागून यावे लागेल. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या काळात जर्मनीने कायदा करून जेझुइटांची घरे बंद केली. संघाच्या जर्मन शाखेचे शिक्षण आणि प्रशिक्षण त्यानंतर हॉलंड आणि इंग्लंडमध्ये चालले. मायदेशी काम करण्याची वाट बंद झालेल्या या शिकलेल्या माणसांना मुंबईसारखे मिशन हे कामाचे क्षेत्र म्हणून खुले होते. झेवियर्सच्या पहिल्या पन्नास वर्षांत जी शिस्त आणि विद्वत्ता दिसते तिच्यामागे हे कारण आहे असे मी मानतो.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हीच माणसे शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे परत पाठवण्यात आले. हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांसाठीची मोठी छावणी तेव्हा आपल्या अहमदनगरला होती. कॉलेज तगले ते तीन आधारांवर. पहिला आधार स्विस जेझुइटांचा : ते जर्मन शाखेतलेच, पण तटस्थ देशाचे नागरिक. संस्कृतचे प्राध्यापक फादर झिमरमन आणि वनस्पतिशास्त्राचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे त्यांच्यातले. ब्लॅटर १९१९ ते १९२४ प्राचार्य होते. दुसरा आधार इतर देशांतून मदतीला आलेल्या जेझुइटांचा. इंग्लंडहून आलेले फादर अल्बन गुडियर त्यांतलेच, आणि ते पुढे १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. तिसरा आधार युद्धानंतर आला. मुंबईचे मिशन स्पेनच्या जेझुइटांकडे सोपवले गेले आणि बार्सेलोना व आसपासच्या प्रदेशातील धर्मगुरू येथे येऊ लागले. संस्थेचे नाव, इमारत आणि विद्यार्थी तेच राहिले, परंतु शिक्षकांची जवळजवळ एक पूर्ण पिढी दहा वर्षांच्या आत बदलली. हा मोठा आघात सोसूनही वर्ग चालू राहिले, याची नोंद मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात हवी तेवढ्या ठळकपणे होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न (कोल्हापूरचे एक वाचक, निवृत्त शिक्षक) : मॅट्रिकच्या पुढचे वर्ग सुरू झाले की शाळेचे कॉलेज झाले, एवढे पुरेसे आहे का? आमच्या भागात असे वर्ग जोडून झालेली कित्येक कॉलेजे आहेत. पण सर्वांनाच तो मान मिळत नाही.

उत्तर : आपण शिक्षक होता, म्हणून नेमक्या जागी बोट ठेवले आहे. वर्ग जोडल्याने कायद्याच्या दृष्टीने कॉलेज होते. पण शाळा तयार ज्ञान मुलांपर्यंत पोचवते. कॉलेजाने त्यापुढे जाऊन नवे ज्ञान निर्माण करावे, अशी अपेक्षा असते. झेवियर्सच्या बाबतीत हा दुसरा टप्पा विसाव्या शतकात आला, आणि तो तीन-चार माणसांच्या चिकाटीने आला.

ब्लॅटर १९०३ मध्ये मुंबईत आले आणि १९०६ पासून कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा राहू लागला. आज तो ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो, आणि पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याकडे जावेच लागते. संग्रह म्हटला की कपाटे डोळ्यांपुढे येतात, परंतु त्यामागचे काम पायांचे असते. रोप कोठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या उंचीवर, फुलावर असताना मिळाले हे टिपून ते दाबून वाळवायचे आणि नाव ठरवून कागदावर लावायचे, हे वर्षानुवर्षे करत राहावे लागते. प्राचार्यपद सोडल्यावर ब्लॅटर पाचगणीला राहिले आणि तेथूनही काम चालू ठेवले. त्यांच्यानंतर स्पेनहून आलेले फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण पावसाळ्यात भजी खायला जातो त्या खंडाळ्याच्या उतारांवर हा माणूस वर्षानुवर्षे झुडपे मोजत फिरत होता. पुढे १९६० च्या दशकात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनाही प्राणिशास्त्राकडे वळण्याचा आग्रह धरला तो ब्लॅटर यांनीच.

इतिहासाच्या बाबतीत हेच काम फादर हेन्री हेरास यांनी केले. ते १९२२ मध्ये बार्सेलोनाहून आले. भारताचा इतिहास शिकवायचा तर आधी तो स्वतः मुळातून शिकला पाहिजे, या निश्चयाने त्यांनी सुरुवात केली, आणि १९२६ मध्ये कॉलेजातच इतिहास संशोधनाची संस्था काढली. विजयनगरच्या आरविडू घराण्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२७ चा आहे. सिंधू लिपी आपण वाचली असा त्यांचा दावा मात्र विद्वानांनी मान्य केलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण पदवीच्या विद्यार्थ्यांना शिलालेख, नाणी आणि मूर्ती हाताळायला मिळाव्यात, एवढ्यासाठी कॉलेजात संग्रहालय आणि ग्रंथालय उभे करणारा प्राध्यापक त्या काळात विरळाच. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि आता ती संस्था त्यांच्याच नावाने चालते.

आपल्या भागातील कॉलेजांविषयी आपण खंत व्यक्त केली आहे. मला वाटते, तेथे कमी पडते ते पैशांपेक्षा अधिक अशा माणसांना एकाच जागी तीस-तीस वर्षे राहू देण्यात. जेझुइट धर्मगुरूंना पगार घरी न्यायचा नव्हता आणि संसार नव्हता, ही सोय इतरांना नाही, हे खरे. पण तासिका तत्त्वावर दर वर्षी बदलणाऱ्या शिक्षकाने हर्बेरियम कसे उभे करावे?

प्रश्न (ठाण्याच्या एक वाचिका, विद्यार्थिनीची आई) : मुलीला तेथे अकरावीला घालण्याचा विचार आहे. हे कॉलेज फक्त ख्रिस्ती मुलांसाठी आहे का? आणि ‘स्वायत्त’ म्हणजे ते आता मुंबई विद्यापीठाचे राहिले नाही का?

उत्तर : फक्त ख्रिस्ती मुलांसाठी ते नाही, सर्व धर्मांची मुले तेथे शिकत आली आहेत. सुनील गावस्कर याच आवारातील शाळेत आणि पुढे कॉलेजात शिकले. मात्र ती अल्पसंख्याकांची संस्था असल्याने संविधानाच्या तिसाव्या कलमानुसार ती आपल्या पद्धतीने चालवण्याचा अधिकार तिच्या चालकांना आहे, आणि काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात. या अधिकाराची मर्यादा ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी १९७४ मध्ये दिला. तो अहमदाबादच्या सेंट झेवियर्सच्या खटल्यात. ते कॉलेजही जेझुइटांचेच, पण मुंबईच्या कॉलेजाहून वेगळे. नावसाधर्म्यामुळे हा निकाल पुष्कळदा चुकून मुंबईच्या नावावर घातला जातो.

स्वायत्ततेविषयी : २०१० मध्ये झेवियर्सला ती मिळाली, आणि मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ती प्रथम मिळवणारे ते होय. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि गुण देणे हे कॉलेज स्वतः करते. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते. हे सर्व पदवीच्या वर्गांपुरते आहे. अकरावी-बारावी म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, त्याचा अभ्यासक्रम आणि बारावीची परीक्षा राज्य मंडळाची, आणि त्याला स्वायत्ततेचा स्पर्श नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्रात दहावीनंतरचे हे दोन वर्षांचे वर्ग सुरू झाले तेव्हा शाळा आणि कॉलेज यांच्या मधली जागा नव्याने आखली गेली. त्यामुळे आपल्या मुलीने अकरावीला प्रवेश घेतला तर पहिली दोन वर्षे ती राज्य मंडळाची विद्यार्थिनी असेल. प्रवेशासाठी शासनाच्या अकरावी प्रवेशाचे त्या वर्षीचे वेळापत्रक आणि कॉलेजाची सूचना ही दोन्ही पाहावीत. आणि तिला डोळ्यांची अडचण असेल, असे आपल्या पत्रातील एका ओळीवरून वाटते, तर २००३ पासून तेथे दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी साहाय्य केंद्र चालते. प्रवेशाच्या आधीच मुलीला घेऊन तेथे एकदा जाऊन यावे.