बंद नळातून मिनिटाला साडेसहा लिटर?

प्रश्न : नगरपालिकेच्या नळातून घरच्या टाकीत रोज किती पाणी येते याची नोंद ठेवण्यासाठी मी अर्ध्या इंची पाइपवर वायएफ-एस२०१ हा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवला आहे. मित्राच्या आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर तो व्यवस्थित चालत होता. आता ईएसपी३२ या तशाच दुसऱ्या बोर्डाच्या ३४ क्रमांकाच्या पिनला त्याची पिवळी तार जोडली आहे. नळ पूर्ण बंद असतानाही कधी शून्य, तर कधी मिनिटाला ६.६ लिटरच्या आसपास आकडा दिसतो. पाणी सुटते तेव्हा सुरुवातीला अशक्य वाटावेत इतके मोठे आकडे येतात आणि एरवीही बादलीच्या मापाशी हिशेब जुळत नाही. सेन्सर खराब झाला असेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहे. आपण आकडा नेमका लिहून पाठवलात हे फार बरे केले, कारण दोषाचा माग त्या ६.६ मध्येच लागतो. या सेन्सरमध्ये पाण्याच्या जोराने फिरणारे छोटे चक्र असते. चक्रातील चुंबक बाहेरच्या कोरड्या कप्प्यातील हॉल सेन्सरसमोरून (चुंबक जवळ आल्याचे ओळखणाऱ्या भागासमोरून) गेला की पिवळ्या तारेवर पल्स (विजेचा क्षणिक ठोका) उमटते. मिनिटाला एक लिटर प्रवाहास सेकंदाला ७.५ पल्स, म्हणजेच एका लिटरला ४५० पल्स, असे याचे छापील प्रमाण आहे. आता ६.६ ला ७.५ ने गुणून पाहा : उत्तर पन्नासच्या अगदी जवळ येते, आणि आपल्या घरातील विजेची वारंवारताही ५० हर्ट्‌झच आहे. आपला बोर्ड पाणी मोजत नसून भिंतीतल्या वायरिंगचा गुणगुणाट मोजत आहे.

असे होण्याचे कारण पिनच्या निवडीत आहे. या जातीच्या अनेक सेन्सरांचे आउटपुट ‘ओपन कलेक्टर’ प्रकारचे असते, म्हणजे आतील ट्रान्झिस्टर पिवळी तार ग्राउंडकडे (शून्य व्होल्टकडे) ओढतो किंवा नुसती मोकळी सोडतो. तिला वर, म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे, खेचून धरण्याचे काम बाहेरच्या पुलअप रेझिस्टरने करायचे असते. उनोवर हे काम बोर्डाच्या आतील पुलअपने निभावले असणार. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या क्रमांकांच्या पिना मात्र फक्त इनपुटसाठी आहेत आणि त्यांना आतील पुलअप मुळातच नाही, त्यामुळे प्रोग्रामात ‘इनपुट पुलअप’ लिहिले तरी तेथे पुलअप लागत नाही. चक्र थांबताना चुंबक सोयीच्या जागी थांबला तर तार ग्राउंडला धरली जाते व शून्य दिसते. नाही तर ती अधांतरी राहून आसपासची वीज टिपत बसते.

उपाय सोपा आहे, पण त्याआधी एक तपासणी करावीच. पिवळी तार बोर्डापासून सोडवा, लाल तारेला ५ व्होल्ट व काळीला ग्राउंड द्या, आणि चक्र हलक्या फुंकरीने थोडे थोडे सरकवत पिवळ्या व काळ्या तारेतील व्होल्टेज मल्टिमीटरने पाहा. कोणत्याही स्थितीत व्होल्टेज चढत नसेल, तर पिवळी तार आणि बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन यांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. तेवढ्याने काम होईल. काही सेन्सरांत मात्र पुलअप आतच असतो आणि मग मीटरवर ५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने तसा सेन्सर थेट जोडू नये. पिवळ्या तारेपासून ग्राउंडपर्यंत २० किलोओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजावे, आणि तरीही व्होल्टेज ३.३ च्या बरेच वर राहिले तर लहान रेझिस्टर घ्यावा. लाल तार ३.३ व्होल्टला जोडून पळवाट काढण्याचा मोह टाळावा, कारण हा सेन्सर ५ व्होल्टपासून पुढे चालण्यासाठी बनवलेला आहे. तार लांब असेल आणि शेजारून पंपाची वायर जात असेल, तर शील्ड (तारांभोवती धातूचे आवरण) असलेली केबल वापरणे चांगले.

पाणी सुटतानाचे मोठे आकडे हा वेगळाच प्रकार आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते, मधल्या काळात पाइप रिकामे होतात, आणि पाण्याच्या पुढे धावणारी हवा चक्राला भिंगरीसारखी फिरवते. सेन्सरची मर्यादा मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला २२५ पल्स आहे. त्याहून जलद येणाऱ्या पल्स प्रोग्रामाने मोजूच नयेत. तरीही मंद गतीने जाणारी हवा या चाळणीतून सुटतेच, म्हणून माझे मत असे की सेन्सर टाकीच्या आत येणाऱ्या पाइपवर न ठेवता, टाकीतून घरात जाणाऱ्या, सदैव भरलेल्या पाइपवर बसवावा. मग आलेल्या पाण्याऐवजी वापरलेले पाणी मोजले जाईल. घराच्या हिशेबाला ते अधिक उपयोगी आहे. अंगावरील बाणाची दिशा पाळावी आणि आधी जाळीचा गाळक लावावा, कारण जुन्या जीआय पाइपमधील गंजाचे कण चक्रातील चुंबकालाच चिकटतात.

राहिला बादलीचा फरक. ४५० हा आकडा नगानगाला थोडा बदलतो, शिवाय बादलीवरील रेघाही फारशा विश्वासार्ह नसतात. नेहमीच्या प्रवाहाने १५ किलो पाणी वजनकाट्यावर भरावे (एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो) आणि तेवढ्यात आलेल्या पल्स १५ ने भागाव्यात. समजा ६,४५० पल्स आल्या, तर आपल्या सेन्सरसाठी प्रमाण ४३० धरावे. प्रोग्रामात दर सेकंदाचे लिटर पूर्णांकात काढून बेरीज करू नये, तर एकूण पल्स साठवून भागाकार शेवटी करावा. मिनिटाला एका लिटरहून कमी प्रवाहात चक्र नीट फिरत नाही. त्यामुळे ठिबकणाऱ्या नळाची गळती या सेन्सरला कळणार नाही.