क्रायसिस टीमचे पैसे नेमके अडतात कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या काउंटीत (अमेरिका) मानसिक क्रायसिसमध्ये पोलिसांऐवजी घरी येणारी टीम आहे, आता तिची रात्रपाळी बंद करणार म्हणतात. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) पैसे देतं ना, मग अडतं कुठे?

देतं हो, पण कशाचे देतं ते बघा. बहुतेक ठिकाणी टीम कुणाकडे गेली आणि तो माणूस मेडिकेडवर असला तरच त्या भेटीचं बिल लावता येतं. आता रात्रीचे तीन वाजलेत, दोघंजण गाडी तयार ठेवून बसलेत आणि फोनच नाही, तर पगार चालू आणि बिल शून्य. सकाळी कुणीतरी हिशोब बघतो नि म्हणतो रात्रपाळी परवडत नाही! अग्निशमन दलाला आपण आगीमागे पैसे देतो का? बंब तयार उभा असतो त्याचेच देतो ना, मग इथेही तयारीचेच पैसे मिळायला हवेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. सीसीबीएचसी म्हणतात त्या, मानसिक आजार नि व्यसनांवर उपचार करणाऱ्या सरकारमान्य क्लिनिकांना थोडंफार असं मिळतं, त्यांचा दर वर्षाच्या खऱ्या खर्चावरून काढतात, त्यामुळे ती रिकामी गेलेली रात्रही त्यात धरली जाते.

प्रश्न : अशा टीमच्या मेडिकेड खर्चातले 85 टक्के केंद्र देतं असं वाचलं होतं, ते गेलं का?

ते 2021 च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कोविडकाळातल्या मदतीच्या कायद्यातलं. टीममध्ये किमान दोघं हवेत, सेवा चोवीस तास हवी, आणि मुदत फक्त 12 तिमाह्या, त्याही एप्रिल 2022 ते मार्च 2027 च्या आतल्या. ज्या राज्यांनी लवकर सुरू केलं त्यांची मुदत आधी संपते, मग केंद्राचा नेहमीचा वाटा, जो काही राज्यांना 50 टक्केच मिळतो. म्हणजे अशा राज्याचा भार 15 वरून थेट 50 वर! या 85 टक्क्यांची मंजुरी सगळ्यात आधी मिळाली ओरेगनला, आणि तिथल्याच यूजीन शहरातली 1989 पासूनची काहूट्स ही अशीच क्रायसिस टीमची सेवा एप्रिल 2025 मध्ये शहरात बंद पडली, पैशाचं गणित जमेना म्हणून. फार वाईट वाटलं, कारण कितीतरी शहरांनी त्यांचंच बघून आपली टीम उभी केली होती.

प्रश्न : आई नुकतीच ग्रीन कार्डवर आलीये, मेडिकेड नाही. टीम बोलावली तर बिल येईल का?

ताई, आधी 988 ला, म्हणजे मानसिक क्रायसिसच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत, बिलाचं नंतर बघू. नवीन ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेडसाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं हे खरं, पण बऱ्याच टीम इन्शुरन्स न विचारताच येतात आणि तो खर्च काउंटी किंवा राज्याच्या फंडातून जातो. तुमच्याकडे कसं आहे ते आजच, सगळं शांत असताना विचारून ठेवा. जीवाला धोका वाटला तर सरळ इमर्जन्सीत न्या, पैसे नाहीत म्हणून तपासणी नाकारता येत नाही, 1986 पासून तसा कायदाच आहे.

प्रश्न : काउंटीच्या मीटिंगमध्ये बोलायला दोन मिनिटं मिळणारेत, काय विचारू?

दोनच गोष्टी. प्रायव्हेट इन्शुरन्सवाल्यांकडे टीम गेली तर त्या कंपनीला बिल लावता का, की तेही काउंटीच भरते? आणि 988 साठी फोनबिलावर छोटी फी लावायची मुभा 2020 च्या कायद्याने राज्यांना दिलीये, आपल्या राज्याने ती लावली का, लावली असेल तर त्यातलं टीमपर्यंत किती पोचतं? उत्तर लेखी मागा.