सरकत्या गेटला कुलूप घेताना आधी हुक बघा, कुलपाचं वजन नंतर

तुम्ही विचारलंय की ४ मीटरचं लोखंडी सरकतं गेट नवीन बसवलंय, आत्ता नुसती कडी आणि त्यात एक छोटं कुलूप आहे, तर त्या जागी सगळ्यात मजबूत कुलूप कुठलं घ्यावं. सांगतो, पण जरा लांबेल, कारण सरकत्या गेटचं गणित साध्या दारापेक्षा वेगळं असतं आणि नुसतं जड कुलूप आणून ते सुटत नाही.

साधं दार बिजागरीवर फिरतं आणि कुलपाचा बोल्ट आडवा चौकटीत जातो, म्हणून दार ढकललं की बोल्ट आडवा येतो आणि अडवतो. सरकत्या गेटमध्ये मात्र गेट ज्या दिशेने सरकतं त्याच दिशेने बोल्ट खांबात शिरतो, मग गेट मागे ओढलं की सरळ बोल्ट भोकातून अलगद बाहेर येणारच ना, त्याला धरायला आहे काय? किल्ली फिरते, खट्ट आवाज येतो, आपल्याला वाटतं कुलूप लागलं. बऱ्याच गेटांना साध्या दाराचंच कुलूप वेल्ड करून दिलेलं मी बघितलंय आणि दर वेळी जीव चरकतो.

म्हणून हुकवालंच कुलूप घ्या. याची जीभ बाहेर आली की वळते आणि खांबातल्या पट्टीच्या मागे अडकते. त्यातही एक हुक वर आणि एक खाली वळणारा असं जोडहुकाचं मिळालं तर तेच घ्या, कारण एकच हुक असेल आणि तो खाली वळणारा असेल तर गेट थोडं वर उचललं की हुक पट्टीवरून निसटतो.

आता उचलण्याचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. माझ्या गेटला १२ मिमी दांडीचं भक्कम कुलूप होतं, आणि एका सकाळी बघतो तर गेट रुळावरून उतरून तिरकं झुकलेलं, कुलूप जागच्या जागी शाबूत, त्याच्यावर साधा ओरखडा नाही! कोणीतरी मागच्या टोकाला खालून पहार घालून गेट उचललं आणि आत शिरून पाण्याची मोटार नेली. तेव्हा कळलं की वरचे गाइड रोलर गेटला फक्त बाजूला पडू देत नाहीत, वर जाण्यापासून ते अडवत नाहीत. त्यानंतर मी दोन्ही खांबांना गेटच्या वरच्या पाइपाच्या डोक्यावर येईल असा अँगल वेल्ड करून घेतला. अँगल आणि पाइप यांच्यातली फट चाकाच्या खाचेच्या खोलीपेक्षा कमी पाहिजे, म्हणजे खाच १२ मिमी खोल असेल तर फट ५-६ मिमी ठेवा, मग गेट उचललं तरी चाक रूळ सोडत नाही. कुलूप विकत घ्यायच्या आधी हे करा, खरंच. गेट बंद करून दोघांनी दोन टोकांना धरून उचलून बघा, उठलं तर कुठल्याही कुलपाचा उपयोग नाही.

खांबाकडची बाजू पण तितकीच महत्त्वाची. हुक ज्या पट्टीत अडकतो ती विटांच्या खांबाला प्लास्टिकचे गिट्टे मारून स्क्रूने लावलेली असेल तर दोन हिसक्यांत निघते. लोखंडी खांब असेल तर त्याला वेल्ड करा, सिमेंटचा असेल तर आरपार बोल्ट घ्या, गोल डोकं बाहेर आणि नट आतल्या बाजूला. शिवाय गेटचं टोक आत शिरेल असं यू आकाराचं चॅनल खांबावर उभं लावा म्हणजे पहारीने गेट बाजूला सारून हुक सोडवता येत नाही.

कडीच ठेवून बाहेरून लटकवायचं कुलूप लावणार असाल तर त्याची दांडी जितकी उघडी तितकं कटरला सोपं, म्हणून खांदे वर आलेलं, दांडी जेमतेम दिसेल असं कुलूप घ्या किंवा त्याच्यावर लोखंडी पेटी वेल्ड करून घ्या, ज्यात खालून हात घालून किल्ली लावता येते. दांडी १० मिमीच्या खाली नको आणि ती हार्डन्ड, शक्यतो बोरॉन स्टीलची हवी. लटकत्या कुलपांसाठी ईएन १२३२० म्हणून युरोपियन मानक आहे, त्यात १ ते ६ ग्रेड असतात, बाहेरच्या गेटला ४ च्या खाली जाऊ नका. आणि कोयंडा कुलपाइतकाच जाड पाहिजे, १२ मिमीची दांडी ३ मिमीच्या पत्र्यात अडकवलेली असेल तर तोडणारा पत्राच तोडणार. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप कायमचं टिकत नाही, आपण विकत घेतो तो वेळ. त्या वेळात आवाज होतो, ठिणग्या उडतात, म्हणून गेटजवळ दिवा असणं हाही याच कामाचा भाग समजा.

आतल्या यंत्रणेबद्दल थोडं. साध्या कुलपात पिना आणि बारीक स्प्रिंगा असतात, धूळ आणि पाणी गेलं की त्याच आधी अडकतात. चकत्यांची यंत्रणा असलेलं कुलूप (फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने १९०७ मध्ये काढलेली ही पद्धत) बाहेरच्या गेटला मला जास्त आवडतं, कारण चकत्यांना स्प्रिंग नसते आणि ठोकून उघडायची बंप किल्लीची युक्ती तिथे चालत नाही. किल्लीच्या भोकावर झाकण आणि कुलपाच्या बुडाला पाणी निथळायचं भोक आहे ना ते घेतानाच बघा. तेल मात्र घालू नका, तेलावर धूळ बसून आत चिखल होतो. टेफ्लॉनचा सुका स्प्रे वर्षातून दोन-तीनदा पुरतो. खारी हवा असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, ३०४ वर तिथे तांबूस डाग येतात.

अजून एक गोष्ट, गेट हलतं. ४ मीटरचं लोखंड तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मिमी लांबतं, अॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट, आणि चाकं झिजली की गेट खाली बसतं ते वेगळंच. मग हुक पट्टीवर आपटायला लागतो, आपण किल्लीवर जोर लावतो आणि एक दिवस किल्ली आत तुटते. म्हणून बोल्टने लावलेल्या पट्टीची भोकं लांबट ठेवा, पट्टी वर-खाली सरकवून जुळवता आली पाहिजे, आणि जुळली की नट आतून घट्ट करा.

गेटला जाळी किंवा उभे गज असतील तर आतल्या बाजूचा फिरवायचा खटका बाहेरून हात घालून पोचतो का तेही बघा. पोचत असेल तर कुलपाभोवती सगळीकडून हातभर रुंद पत्रा मारा. दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूपही मिळतं, पण आग लागली आणि किल्ली सापडली नाही तर माणसं आत अडकतील, म्हणून मी तरी पत्राच सुचवेन.

पुढे मोटर बसवायचा विचार असेल तर मोटरच्या गेटला हाताने लावायचं कुलूप लागलेलं राहिलं आणि कोणी रिमोट दाबला तर गिअर नाहीतर रॅकचे, म्हणजे मोटर गेटला जिच्यावरून ओढते त्या दातेरी पट्टीचे, दात जातात, तेव्हा कुलूप लागलं की मोटरचा सप्लाय तोडणारा स्विच बसवायला सांगा. नुसत्या चुंबकी कुलपावर राहू नका, लाइट गेली की ते सुटतं.

आता गेटच्या शेवटच्या उभ्या पाइपाची रुंदी आणि गेट बंद असताना खांबापर्यंतची फट, दोन्ही मिमीमध्ये मोजून कळवा. ४० मिमीच्या पाइपात बसणारं कुलूप आणि ६० च्या पाइपातलं वेगळं असतं, माप कळलं की हुक किती लांबीचा लागेल ते सांगतो.