सांता मोनिकाला मठ म्हणायचं की कॉन्व्हेंट?

प्रश्न असा आहे : जुन्या गोव्यात सांता मोनिकाचं कॉन्व्हेंट बघायला गेलो, तर धाकटी विचारायला लागली, "बाबा, शाळा कुठंय?" कॉन्व्हेंटला मराठीत काय म्हणावं? 'मठ' चालेल का? आणि 'कॉन्व्हेंटचं म्युझियम झालं' हे नीट मराठीत कसं लिहावं?

मठ म्हणा, बिनदिक्कत म्हणा.

धाकटीचं काही चुकलेलं नाही. मराठीत कॉन्व्हेंट म्हणजे शाळाच. आमच्या विदर्भात तर गल्लीतल्या दोन खोल्यांच्या केजीवरही 'अमुक कॉन्व्हेंट' अशी पाटी असते आणि तिचा कुठल्याही ननशी सुतराम संबंध नसतो. 'पोराला कॉन्व्हेंटला टाकलं' म्हणजे इंग्रजी शाळेत घातलं, एवढाच अर्थ. नन ज्या शाळा चालवीत त्यांच्यामुळे हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि शाळेलाच चिकटला.

मूळ शब्द लॅटिन, 'कॉन्व्हेंतुस'. अर्थ : एकत्र जमणं. त्यावरून एकत्र राहणारा धर्मसंघ, आणि मग त्या संघाची वास्तू. पोर्तुगीजमधला 'कोन्व्हेंतु' हा त्याचाच वंशज. पाद्री, पगार, चावी, लिलाव असे कितीतरी शब्द आपण पोर्तुगिजांकडून थेट घेतले. हा मात्र राहून गेला, आणि पुढे इंग्रजीकडून आला तो अर्थ बदलून. इंग्रजी कानाला हा शब्द बायकांच्या मठाचा वाटतो, पोर्तुगीजमध्ये तो पुरुषांच्या मठालाही सर्रास चालतो. जुन्या गोव्यातच बघा. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून जे कोन्व्हेंतु आहे, तिथे फ्रान्सिस्कन साधू राहत. आज त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथल्या माहितीत 'कॉन्व्हेंट' वाचून कुणी ननची वस्ती डोळ्यांपुढे आणली, तर सगळंच चित्र चुकतं. 'मठ' म्हटलं की हा घोळ उरत नाही.

'मठ म्हटलं की शंकराचार्य नाहीतर रामदासी आठवतात' हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. पण शब्द कुणा एका पंथाचा कधीच नव्हता. महानुभावांचे मठ आहेत, त्यांत संन्यासिनीही राहतात. म्हणजे बायकांचा मठ मराठी कानाला परका नाही. त्याही मागे जायचं तर अमरकोशात 'मठश्छात्रादिनिलयः' असं दिलं आहे : विद्यार्थी वगैरेंचं राहण्याचं ठिकाण. 'विहार' मी टाळीन, तो बौद्धांचा म्हणून ठरून गेला आहे. पहिल्या उल्लेखात 'ऑगस्टिनियन धर्मभगिनींचा मठ' असं पुरतं लिहा, पुढे नुसतं 'मठ' पुरतं. 'धर्मभगिनी' हा वसईकडच्या ख्रिस्ती मराठीतला रुळलेला शब्द आहे, आणि 'नन'पेक्षा मला तो फार आवडतो. संत मोनिका ही संत ऑगस्टिनची आई, म्हणून त्याच्या संघातल्या बायकांच्या मठाला तिचं नाव.

आता 'मठाचं संग्रहालय झालं' हे वाक्य. इथे विभक्तीला जपा; का, ते मठाच्या इतिहासावरून कळेल. आर्चबिशप अलेशु द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये मठाचा पाया घातला, १६२७ मध्ये बांधकाम पुरं झालं. १६३६ मध्ये आग लागली आणि वास्तू पुन्हा उभी करावी लागली. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले. होत्या त्या धर्मभगिनींना राहू दिलं, नवी कुणी घ्यायची नाही असं ठरलं. मठ असा माणसामाणसाने रिकामा होत गेला. शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये वारली. एवढ्या अवाढव्य वास्तूत अखेरीस एकटीच बाई उरली असेल, हे मनात आलं की मला अजून गलबलतं. नंतर तिथे सैन्य राहिलं. १९६४ मध्ये मातेर देई ही धर्मभगिनींना धर्मशिक्षण देणारी संस्था आली. ख्रिस्ती कलेचं संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं ते गोव्यातल्याच राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात. इथे, मठाच्या चर्चच्या भागात, ते २००२ मध्ये आलं.

म्हणजे सगळ्या मठाचं संग्रहालय झालेलं नाही. 'मठाच्या चर्चमध्ये संग्रहालय आहे' असं लिहा. 'मठाचं संग्रहालय झालं' म्हटलं तर मठ संपतो, 'मठाच्या चर्चमध्ये' म्हटलं तर तो शिल्लक राहतो. आणि इथे तो खरोखरच शिल्लक आहे. 'म्युझियम'ला 'कलासंग्रहालय' म्हणा. आमच्या नागपूरच्या म्युझियमला लोक अजून 'अजब बंगला' म्हणतात, पण ते नाव त्या एका इमारतीचं झालं आहे, दुसरीकडे नेता यायचं नाही.

संग्रहालयात चांदीचा एक पेलिकन आहे, तो धाकटीला पुढच्या वेळी जरूर दाखवा. पेलिकन चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी ख्रिस्ती जगातली जुनी समजूत, म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण. आणि "शाळा कुठंय?" असं तिने पुन्हा विचारलं, तर मातेर देईच्या बाजूला बोट दाखवा. तिथे शिकायला आलेल्या धर्मभगिनी राहतात, अगदी अमरकोशातल्या अर्थाने.