वाचकांचे प्रश्न : लेडी मॅकबेथ ओरडते का?

प्रश्न : दांडिया बाजारातलं आमचं महिला मंडळ यंदा गणेशोत्सवात शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधले निवडक प्रवेश करणार आहे. वेळ अर्धा तास, कलाकार पाच. लेडी मॅकबेथ करणारी मुलगी पहिल्या वाक्यापासून चढ्या आवाजात बोलते. नाटक बसवणारे म्हणतात, “महत्त्वाकांक्षी बाई, नवऱ्याला बिघडवणारी, अशीच हवी.” आम्हाला पटत नाही.
— एक सभासद, बडोदे

उत्तर : पटू नयेच. राजाच्या खुनाचा विचार मॅकबेथच्या मनात पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशातच येतो, चेटकिणींनी राजपदाचं भाकीत केल्याचं त्याचं पत्र बायकोच्या हाती पडण्याआधी. पत्र वाचून तिला वेगळीच धास्ती वाटते : याला मुकुट हवाय, पण हा मनाचा मऊ, वाकडी वाट धरणार नाही. म्हणून ती दुष्ट शक्तींना विनवते की माझं बाईपण काढून घ्या, छातीतल्या दुधाचं पित्त करा. क्रौर्य तिच्या अंगचंच असतं तर मागावं कशाला लागलं असतं? निर्दयपणा पुरुषालाच शोभतो, हे तिने तिच्या जगाकडून उचललंय. देव्हाऱ्यापुढे नवस बोलावा तसं हे भाषण खालच्या पट्टीत, घाई न करता म्हणू द्या. इथेच आवाज चढला तर सातव्या प्रवेशाला काही उरत नाही.

त्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ माघार घेतो. पुरुषाला शोभेल तेवढं मी करतो, त्यापुढे जाईल तो पुरुषच नव्हे, असं म्हणतो. त्याचं हे म्हणणं शहाणपणाचं आहे. ती ते पुरुषार्थावरच बोट ठेवून मोडून काढते, आणि तो लगेच तिला म्हणतो, तू फक्त मुलगेच जन्माला घाल. मला हे वाक्य नाटकातलं सर्वांत बोचरं वाटतं. कापू नका.

खुनाच्या रात्री, दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, ती म्हणते की झोपलेला राजा वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. नट्या हे वाक्य भरकन उरकतात. त्याआधी एक पूर्ण श्वास घ्यायला सांगा. मागितलेलं क्रौर्य तिला मिळालेलं नाही, हे प्रेक्षकाला इथे पहिल्यांदा कळतं.

तुम्ही पहिल्या अंकातला पाचवा व सातवा, दुसऱ्यातला दुसरा, तिसऱ्यातला दुसरा आणि पाचव्यातला पहिला असे प्रवेश घ्या. मेजवानीच्या प्रवेशाला माणसं जास्त लागतात, तो सोडा. वेळेसाठी बहुतेक मंडळं तिसऱ्या अंकातला तो छोटा प्रवेश उडवतात आणि तिथेच घोटाळा होतो. पत्रात ‘माझ्या मोठेपणाची भागीदार’ म्हटलेल्या बायकोला मॅकबेथ तिथे लाडाने गप्प करतो आणि त्याचा सोबती सेनानी बँको याच्या खुनाचा बेत सांगत नाही. चौथ्या अंकात ती मुळी दिसतच नाही. हे एकटेपण न दाखवता एकदम झोपेत चालणारी बाई आणली, तर ती आभाळातून पडल्यासारखी वाटते.

झोपेतल्या प्रवेशात ती मागचेच तुकडे बोलते आणि रक्ताचा डाग धुतल्यासारखे हात चोळते. ‘थोड्याशा पाण्याने हे धुऊन निघेल’ हे दुसऱ्या अंकातलं वाक्य गाळलंत तर हात चोळण्याला अर्थ राहत नाही. मेणबत्ती ठेवायला स्टूल द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. वैद्य आणि दासी बाजूला, तिच्या थोडे मागे उभे करा. पुढे आले तर हात झाकले जातात. दारावरची थाप दुसऱ्या अंकात विंगेतून लाकडावर खणखणीत वाजवा, मंडपात गलका असतो. पाचव्या अंकात मात्र वाजवू नका. ती थाप तिच्या एकटीच्या कानात आहे.

प्रश्न : मूळ प्रयोगात ही भूमिका मुलगा करायचा म्हणतात. आमच्याकडे एका तरुणाने केली तर?

उत्तर : जरूर करावी. हे नाटक साधारण १६०६चं. तेव्हा इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगेच करत. म्हणजे ‘बाईपण काढून घ्या’ हे मागणं तिथे स्त्रीवेषातल्या मुलाच्या तोंडून ऐकू यायचं. मराठी प्रेक्षकाला स्त्रीपार्टी नवी नाही. फक्त आवाज बारीक करू नका, लाजणं-मुरकणं घालू नका. या भूमिकेत त्याला कुठेच जागा नाही. तालमीचा जास्त वेळ हातांवर घालवा.