सिडनी ते ब्रिस्बेन गाडीने जाताना वाटेतल्या ‘बिग थिंग्ज’ बघायला किती दिवस धरावेत?

डिसेंबरात मुलीकडे सिडनीला येताय, नातवंडांना घेऊन गाडीने ब्रिस्बेनला जायचंय आणि वाटेतल्या ‘बिग थिंग्ज’, म्हणजे केळी-कोळंबी-मेंढ्यांचे अवाढव्य पुतळे, सगळं बघायचंय, असं तुम्ही लिहिलंय. पाच दिवस धरा. जायला दोन, तिथे एक, यायला दोन. ‘सगळं’ मात्र विसरा, देशभरात अशा दीडशेहून जास्त वस्तू आहेत. नुसते फोटो काढत सुटलात तर तिसऱ्या फोटोनंतर मुलं गाडीतून उतरायची नाहीत.

पहिला मुक्काम कॉफ्स हार्बर, सिडनीपासून साधारण 530 किमी. वाटेत टारीला कार शोरूमच्या छपरावर भलंमोठं कालव आहे. पाच मिनिटं पुरे. कॉफ्सचं ‘बिग बनाना’ 1964 सालचं, 13 मीटर लांब. रस्त्याकडेच्या स्टॉलवर गाड्या थांबाव्यात एवढ्यासाठी बांधलेलं. केळ्याच्या पोटातून चालत जायला पैसे पडत नाहीत. भोवतीच्या घसरगुंड्या आणि वॉटर पार्कला पडतात, आणि तिथेच खिसा रिकामा होतो. अर्धा दिवस ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केळ्यापासून 25 किमीवरच्या वूलगूल्गाला नक्की थांबा. केळीच्या बागांत राबायला आलेले पंजाबी शीख इथे स्थायिक झाले, 1968 मध्ये त्यांनी गुरुद्वारा उभारला. आता त्यांच्यातले बरेच जण ब्लूबेरी पिकवतात. केळीची शेती या पट्ट्यातून बरीचशी उत्तरेला, क्वीन्सलँडला सरकली, सिमेंटचं केळं तेवढं जागेवर राहिलं. तुम्ही जळगावकडचे असाल तर हा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पुढे बॅलिनाची कोळंबी, 1989 सालची. मोटरवे आता गावाबाहेरून जातो, त्यामुळे मुद्दाम एक्झिट घ्यावी लागते. 2009 मध्ये ही कोळंबी पाडायला नगरपालिकेने परवानगी दिली होती. मग बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानसाखळीने ती जागा घेतली, 2013 मध्ये कोळंबीची डागडुजी केली आणि आधी नसलेली शेपटीही जोडली! पार्किंगमध्येच उभी आहे. चहा-स्वच्छतागृह तिथेच उरका.

अननस ब्रिस्बेनच्याही उत्तरेला तासाभरावर, वूंबायला आहे. 1971 सालचा, 16 मीटर उंच. तिसरा दिवस त्याचा. क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात (तिथला उन्हाळा डिसेंबरात असतो) घड्याळ सिडनीपेक्षा एक तास मागे असतं, हे बुकिंग करताना लक्षात ठेवा.

सगळ्यांत माझा आवडता मेंढा मात्र या रस्त्यावर नाहीच. तो गोलबर्नला, सिडनीहून कॅनबराकडे जाताना लागतो. तुम्ही कॅनबराला जाणारच असाल, तेव्हा बघा. लोकरीच्या मुलखातला हा 15 मीटर उंच काँक्रीटचा मेंढा 1985 मध्ये उभा राहिला, लाडकं नाव रॅम्बो. 1992 मध्ये बायपास झाला, गाड्या परस्पर निघून जाऊ लागल्या आणि गिऱ्हाईक आटलं. शेवटी 2007 मध्ये शंभरएक टनांचं हे धूड उचलून 800 मीटरवर, हायवेच्या फाट्याशी नेऊन ठेवलं. या वस्तू मुळात गाडी थांबवण्यासाठीच असतात. रस्ता हलला की त्यांनाही हलावं लागतं, नाहीतर टारीच्या कालवासारखं दुसऱ्याच्या दुकानावर बसावं लागतं.

परतताना समुद्राकाठचा रस्ता सोडून आतल्या न्यू इंग्लंड हायवेने या, टॅमवर्थमार्गे. तिथे 12 मीटरची सोनेरी गिटार आहे. या बाजूला संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. नाताळ ते जानेवारीअखेर शाळांना सुट्ट्या असतात, किनाऱ्यावरच्या खोल्या आत्ताच बघून ठेवा. आणि सहल जानेवारीत ढकललीत तर टॅमवर्थच्या कंट्री म्युझिक महोत्सवाच्या तारखा आधी तपासा. त्या दिवसांत गावात खोली मिळणं मुश्किल.